टॅबसाठी क्राउडफंडिंगवरून कीबोर्ड घ्यायचा? नागपूरकरांचे नेहमीचे प्रश्न

किकस्टार्टरवर, म्हणजे वस्तू बनायच्या आधीच लोकांकडून पैसे जमवायच्या (क्राउडफंडिंगच्या) वेबसाइटवर, कोणीतरी एकदम पातळ कीबोर्ड काढलाय, टॅब त्यात टक्कन बसतो आणि लॅपटॉप होऊन जातो, किंमत पण कंपनीच्या कीबोर्डच्या अर्धी, मग घेऊन टाकू का? हायकोर्टातले ज्युनियर वकील हेच विचारतात, एमपीएससीवाली पोरं हेच विचारतात, आणि रिटायर झाल्यावर लिहायला बसलेले काका तर सगळ्यात जास्त विचारतात. म्हणून एकदाच लिहून काढलं, आता विचारलं की हेच पाठवतो.

पैसे भरले म्हणजे ऑर्डर झाली ना?

नाही झाली. ॲमेझॉनवर तुम्ही बनलेली वस्तू विकत घेता, इथे वस्तू बनवायला पैसे देता, बस. किकस्टार्टर २००९ पासून चालू आहे आणि त्यांनीच २०१२ मध्ये जाहीर लिहून टाकलं होतं की आम्ही दुकान नाही. तुमचा करार होतो तो कॅम्पेन, म्हणजे ही पैसे जमवायची मोहीम, चालवणाऱ्याशी, वेबसाइट मध्ये फक्त जागा देते आणि तिचं ५ टक्के कमिशन घेते. पानावर जो डिलिव्हरीचा महिना लिहिला असतो तो अंदाज असतो, आणि अंदाज लिहिणारा माणूस बहुतेक वेळा पहिल्यांदाच फॅक्टरीशी बोलून राहिला असतो.

किकस्टार्टर आणि इंडिगोगो एकच ना, काय फरक पडतो?

पडतो ना. किकस्टार्टरवर ठरलेली रक्कम जमली तरच कार्डातून पैसे कापतात, नाही जमली तर एक रुपया जात नाही. इंडिगोगो पण तशीच वेबसाइट, पण तिथे पैसे जमवायचे दोन प्रकार होते, त्यातल्या एकात टार्गेट गाठलं नाही तरी जमलेले पैसे बनवणाऱ्याला मिळायचे, म्हणजे समजा १००० कीबोर्डचा साचा बनवायला लागणारे पैसे जमलेच नाहीत तरी तुमचे गेले, आणि तो गडी आता अर्ध्या पैशात काय बनवणार हे त्यालाच माहीत. २०२५ मध्ये गेमफाउंड नावाच्या दुसऱ्या क्राउडफंडिंग कंपनीने इंडिगोगो विकत घेतलं, त्यामुळे आत्ताच्या अटी पैसे भरायच्या दिवशीच वाचा, दोन वर्षांपूर्वीचा यूट्यूब व्हिडिओ पाहून जाऊ नका.

अजून एक. हार्डवेअरसाठी किकस्टार्टर खरा प्रोटोटाइप, म्हणजे हातात धरता येणारा नमुना, दाखवायला लावतं, कॉम्प्युटरवर काढलेली खऱ्यासारखी चित्रं चालत नाहीत. म्हणून एखादं कॅम्पेन नुसत्या चकचकीत चित्रांवर चालू असेल तर ते किकस्टार्टरवर का नाही गेलं हा विचार करा.

किती कॅम्पेन बुडतात?

वाटतात तेवढी बुडत नाहीत. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या एथन मॉलिक यांनी २०१५ मध्ये किकस्टार्टरच्या जवळपास ५० हजार बॅकर, म्हणजे पैसे लावणाऱ्या, लोकांना विचारून पाहिलं, तर साधारण ९ टक्के प्रोजेक्टनी कबूल केलेली वस्तू दिलीच नाही असं निघालं. उशिराचं मात्र विचारू नका, त्यांच्याच आधीच्या अभ्यासात ७५ टक्क्यांहून जास्त प्रोजेक्ट लेट निघाले होते. तर बुडायची भीती कमी आणि रखडायची भीती जास्त. आणि टॅबच्या कीबोर्डच्या बाबतीत रखडणं हेच बुडणं असतं, ते कसं ते खाली "माझ्या टॅबला बसेल ना" मध्ये सांगतो.

पण ही कंपनी नवीन नाही, यांनी आधी पण कॅम्पेन केलंय, आता तरी भरवसा ठेवू का?

जास्त ठेवा, पूर्ण ठेवू नका. ब्रिज नावाच्या कंपनीचं उदाहरण पाहा, आयपॅडला मॅकबुकसारखा करणारा ॲल्युमिनियमचा कीबोर्ड घेऊन ती २०१२ मध्ये किकस्टार्टरवर आली, पैसे भरपूर जमले, माल निघाला, पुढे मोठ्या दुकानात पण विकल्या गेला. तीच कंपनी २०२३ मध्ये बंद पडली आणि ज्यांनी पुढच्या मॉडेलचे पैसे आधीच भरून ठेवले होते ते लटकले. अकरा वर्षं चाललेल्या कंपनीचं असं होऊ शकतं.

उशीर एवढा का होतो बाप्पा? कीबोर्डच तर आहे.

कीबोर्डच आहे म्हणूनच. प्रोटोटाइप थ्रीडी प्रिंटरवर बनतो, हाताने घासून पॉलिश करतात, व्हिडिओत छान दिसतो. पण हजारो पीस काढायचे तर प्लास्टिकसाठी स्टीलचा साचा पाडावा लागतो, तो महाग असतो, त्यातून पहिले नमुने निघतात तेव्हा कळतं की बटन एका कोपऱ्यात अडकतंय किंवा झाकण अर्धा मिलिमीटर वाकतंय, मग साचा परत दुरुस्तीला जातो, परत नमुने. बिजागरी तर वेगळीच डोकेदुखी आहे. टॅब उभा ठेवून स्क्रीनला बोट लावलं तर मागे पडायला नको आणि उघडताना दोन हात लागायला पण नको, हे एकाच स्प्रिंगमधून काढायचं, आणि हजारदा उघडझाप झाल्यावर पण ती ढिली पडायला नको.

त्यात बॅटरी. लिथियम बॅटरी आत असलेली वस्तू विमानाने पाठवायचे नियम कडक आहेत, कागद लागतात, टेस्ट रिपोर्ट लागतात. ब्लूटूथ असल्यामुळे अमेरिकेसाठी एफसीसी आणि युरोपसाठी सीई हे मान्यतेचे शिक्के लागतात. आणि जानेवारी फेब्रुवारीत चिनी नववर्ष येतं, कामगार गावी जातात, फॅक्टऱ्या काही आठवडे थंड. म्हणून डिलिव्हरी फेब्रुवारी किंवा मार्च लिहिली असेल तर मी सरळ पावसाळा धरतो.

माझ्या टॅबला बसेल ना?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हा आहे आणि लोक हा सगळ्यात शेवटी विचारतात.

कीबोर्ड दोन जातीचे असतात. एक सुटा, ब्लूटूथवर चालणारा, कोणत्याही टॅबला, फोनला, टीव्हीला लागतो. दुसरा मापाचा, म्हणजे एका ठरावीक टॅबच्या लांबी रुंदी जाडीला, त्याच्या मॅग्नेटच्या जागेला, त्याच्या कीबोर्ड जोडायच्या पिनांना धरून बनवलेला. कॅम्पेनमध्ये दिसायला भारी असतो तो दुसरा. पण तो तुमच्या हातात यायला वर्ष दीड वर्ष लागणार, आणि तेवढ्यात टॅब बनवणारी कंपनी बसून राहते का?

आयपॅडचंच घ्या. २०२२ मध्ये दहाव्या पिढीचा साधा आयपॅड आला तेव्हा माप बदललं आणि कीबोर्ड जोडायच्या पिना पण हलल्या, आधीच्या आयपॅडचा मापाचा कीबोर्ड त्याला लागेना. मे २०२४ मध्ये एम४ चिपचा आयपॅड प्रो आला, ११ इंची ५.३ मिलिमीटर जाड आणि १३ इंची ५.१, ॲपलने त्याच्यासाठी मॅजिक कीबोर्डच नवीन काढला, जुना त्याला चालत नाही. ॲपलचाच ॲपलला लागत नाही तं दुसऱ्याचा काय लागणार. सॅमसंगमध्ये पण गॅलक्सी टॅब एस मालिकेतल्या बहुतेक टॅबना पिना असतात आणि बजेटवाल्या टॅबना बहुधा नसतातच, तेव्हा "गॅलक्सी टॅबसाठी" एवढ्या दोन शब्दांवर भुलू नका, मॉडेल नंबर जुळवा. सेटिंगमध्ये अबाउट टॅबलेट उघडा, तिथे लिहिलेला नंबर अक्षर अन् अक्षर पानावरच्या यादीशी ताडून पाहा.

तर माझं साधं मत असं आहे: मापाचा कीबोर्ड क्राउडफंडिंगवरून घेऊच नये. टॅब अजून तीन वर्षं बदलायचा नाही आणि तो आजच तुमच्या हातात आहे, असं असेल तर एक वेळ ठीक. पुढच्या दिवाळीत नवीन टॅब घेईन आणि तोवर कीबोर्ड येऊन जाईल असा हिशेब करून राहिले असाल तर तो सोडून द्या. सुट्या कीबोर्डला ही अडचण नाही, तो उशिरा आला तरी कामाचा असतो.

मराठी टाइप होईल का?

होईल, पण कसं ते आधी पाहा, कारण बटनांवर तर एबीसीडीच छापून येणार. टचवर आपण जे इंग्रजी अक्षरात लिहून मराठी काढतो ना, ते बाहेरचा कीबोर्ड जोडला की बहुतेक वेळा चालत नाही, आणि मग लोकांना वाटतं कीबोर्डच खराब आहे. खऱ्या कीबोर्डवर देवनागरी लेआउट, म्हणजे कोणत्या बटनावर कोणतं अक्षर याची मांडणी, लागतो आणि बहुतेक ठिकाणी तो भारतीय भाषांसाठी ठरवलेल्या इनस्क्रिप्टच्या वळणाचा असतो, म्हणजे डावीकडे स्वर, उजवीकडे व्यंजनं.

आता गंमत पाहा. इनस्क्रिप्टमध्ये क आणि त मधल्या ओळीत आरामात बसतात, पण च असतो सेमीकोलनच्या बटनावर, ट त्याच्या बाजूच्या अवतरण चिन्हावर, ड चौकटी कंसावर आणि य तिरप्या रेघेच्या बटनावर. म्हणजे सगळे उजव्या काठाला. आणि छोटा कीबोर्ड बनवणारा जागा वाचवायला सगळ्यात आधी काय चिरडतो? तीच काठाची बटनं. कधी अर्ध्या रुंदीची करतो, कधी एफएनचं बटन सोबत दाबून काढायला लावतो. इंग्रजीवाल्याला फरक पडत नाही, तो सेमीकोलन वापरतोच किती. तुम्ही "चटणी" लिहायला बसले की पहिल्या दोन अक्षरांनाच करंगळी चाचपडते. पानावर वरून काढलेला कीबोर्डचा फोटो असतोच, तो मोठा करून ही चार बटनं पूर्ण रुंदीची आहेत का ते पाहा. आकड्यांची ओळ पण पाहा, क्ष, ज्ञ, त्र, श्र तिथेच शिफ्टसोबत असतात.

टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये रेमिंग्टनवर, म्हणजे जुन्या टाइपरायटरच्या लेआउटवर, हात बसलेल्या मंडळींनी अजून सावध राहा, टॅबवर तो लेआउट तयार मिळेलच असं नाही. सोपा उपाय आहे, घरातला जुना यूएसबी कीबोर्ड ओटीजी अडॅप्टरने टॅबला लावा, मराठी भाषा निवडा आणि "वऱ्हाड", "डाळ", "ज्ञानेश्वर" लिहून पाहा. जमलं तर पुढे जा. नाही जमलं तर कोणताही महागडा कीबोर्ड ते जमवून देणार नाही, कारण लेआउट टॅबमध्ये असतो, कीबोर्डमध्ये नाही.

मांडीवर ठेवून चालतो का?

टॅब कीबोर्डपेक्षा जड असला की मागे कलंडतो. पानावर कीबोर्डचं वजन लिहिलेलं असतं, टॅबच्या वजनाशी जुळवा. वजन लिहिलंच नसेल तर काय ते समजून जा.

व्हिडिओत काय पाहायचं?

संगीत बंद करा आणि बोटं पाहा. कोणीतरी एका दमात, मध्ये कट न मारता, दोन ओळी टाइप करतंय आणि त्याच फ्रेममध्ये स्क्रीनवर अक्षरं उमटताहेत असा एक तरी तुकडा हवा. तो नसेल तर दाखवतात तो कीबोर्ड चालत नसण्याची शक्यता आहे. ट्रॅकपॅड असेल तर दोन आणि तीन बोटांच्या खुणा चालताना दाखवल्या पाहिजेत. आयपॅडला ट्रॅकपॅडचा नीट सपोर्ट मार्च २०२० मध्ये आला, पण बाहेरच्या कंपन्यांचे बरेच ट्रॅकपॅड नुसत्या माउससारखे वागतात, बाण फिरतो आणि तेवढंच.

बटनांचं अंतर पण पाहा. नेहमीच्या कीबोर्डवर एका बटनाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत १९ मिलिमीटर असतं. १७ वर आलं की सवय करावी लागते, १६ च्या खाली मोठ्या हाताच्या माणसाने जाऊच नये. घडीच्या कीबोर्डमध्ये मधोमध जोड येतो तिथे टी, जी, बी ची बटनं तिरपी कापलेली असतात, तेही पाहा.

माझं कार्डच घेत नाही, असं का?

रिझर्व्ह बँकेच्या नियमाने १ ऑक्टोबर २०२० पासून नवीन कार्डावर परदेशी व्यवहार बंदच येतात, बँकेच्या ॲपमध्ये जाऊन तुम्हाला चालू करावे लागतात, लिमिट पण तिथेच ठरते. यूपीआय चालत नाही. आणि किकस्टार्टरवर एक घोळ होतो, पैसे आज कापत नाहीत, कॅम्पेन संपल्यावर कापतात, तोवर तुम्ही सुरक्षेसाठी म्हणून परदेशी व्यवहार परत बंद करून ठेवलेले असतात आणि कार्ड नाकारल्या जातं. घाबरू नका, कार्ड दुरुस्त करायला ७ दिवस देतात. पण ईमेल पाहत जा.

शेवटी हातात केवढ्याला पडतो?

पानावर ८९ डॉलर लिहिलं असेल तर तो आकडा विसरा. भारत बहुतेक कॅम्पेनमध्ये "बाकीचं जग" या खणात असतो, शिपिंग समजा २५ डॉलर, आणि ते पण बरेचदा नंतर, माल निघायच्या वेळी वेगळं मागतात. झाले ११४. कार्डवाले परदेशी व्यवहाराचे साडेतीन टक्क्यांपर्यंत घेतात, त्यावर जीएसटी, म्हणजे अजून चार-पाच डॉलर. मग कस्टम ड्यूटी आणि आयजीएसटी (बाहेरून आलेल्या मालावरचा जीएसटी), आणि ही फक्त ८९ वर नाही, शिपिंग आणि विमा धरून लागते. वर कुरिअर कंपनी तुमच्या वतीने ड्यूटी भरते त्याची फी. दर बजेटमध्ये बदलत राहतात म्हणून आकडा लिहीत नाही, पण मी लोकांना सांगतो की किमतीच्या निम्मे पैसे वेगळे काढून ठेवा, उरले तर तर्री पोहे खा.

बनवणाऱ्याला एकच प्रश्न ईमेल करा, भारतासाठी ड्यूटी तुम्ही भरणार की मी. उत्तर लेखी ठेवा.

पार्सलवर गिफ्ट लिहायला सांगू का, ड्यूटी वाचेल?

नाही वाचणार. गिफ्टवरची ती सूट डिसेंबर २०१९ मध्येच काढून टाकली, राखी आणि जीवरक्षक औषधं सोडून. खोटी किंमत लिहायला पण सांगू नका, पार्सल अडकलं तर बिल तुम्हालाच दाखवायचं आहे.

पत्ता कसा लिहू? आमच्याकडे पार्सल नेहमी फिरत राहतं.

नागपूरचे पत्ते परदेशी फॉर्ममध्ये बसत नाहीत हे खरं आहे. "प्लॉट नंबर अमुक, अमुक ले-आउट, पाण्याच्या टाकीमागे, हनुमान मंदिराजवळ, रिंग रोड" असं लिहिलं की ओळ भरते आणि लेबलवर "हनुमान" पर्यंतच छापून येतं. पहिल्या ओळीत प्लॉट नंबर आणि ले-आउट, दुसरीत मोठ्या भागाचं नाव, म्हणजे मानेवाडा, त्रिमूर्तीनगर, जे असेल ते, आणि पिनकोड त्याच्याच खणात. खुणेचं ठिकाण कुरिअरवाला फोन करेल तेव्हा सांगा. मोबाइल नंबर आधी ९१ लावून. नाव मात्र आधारवर आहे तसंच लिहा, घरी सगळे बंटी म्हणत असले तरी, कारण कुरिअर केवायसीला आधार किंवा पॅन मागतं आणि नाव जुळलं नाही की पार्सल जागचं हलत नाही. मध्ये घर बदललं तर कॅम्पेनच्या पानावर पत्ता बदलून घ्या, वर्षभरात माणूस महाल सोडून मनीषनगरला जातो आणि हे विसरतो.

कस्टममधून फोन आला, पार्सल अडकलंय, पैसे पाठवा म्हणतात. खरं आहे का?

फोनवर यूपीआय आयडी देऊन पैसे मागणारा माणूस कस्टमचा नसतो. खरी नोटीस असेल तर तिच्यावर डीआयएन, म्हणजे त्या कागदाचा ओळख नंबर, असतो, तो खात्याच्या वेबसाइटवर टाकून तपासता येतो. ट्रॅकिंग नंबर कॅम्पेनच्या ईमेलमधून घ्या आणि कुरिअरच्या साइटवर स्वतः टाका, मेसेजमधल्या लिंकवर नको. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, उद्या पाहू म्हणू नका.

आपल्या उन्हाळ्यात टिकेल का?

ॲपल स्वतः सांगतं की आयपॅड ३५ अंशांपर्यंत वापरा आणि ४५ पर्यंतच ठेवा. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच तेवढं होतं, बंद गाडीच्या डॅशबोर्डवर तर विचारायलाच नको. कीबोर्डमधली पातळ लिथियम बॅटरी उन्हात फुगते आणि फुगली की पातळ कीबोर्डचं पोट वर येतं, स्पेसबार अडकायला लागतो. चिकटवलेलं नकली लेदर पण एकदोन उन्हाळ्यांत कडेने सुटतं. म्हणून बॅटरी बदलता येते का हे विचारा. साध्या ट्रिपल ए सेलवर चालणारा असेल तर सोन्याहून पिवळं.

पैसे परत मिळतात का?

कॅम्पेन चालू असताना तुम्ही स्वतः काढून घेऊ शकता, फक्त शेवटच्या २४ तासांत तुमच्या जाण्याने टार्गेट खाली येणार असेल तर अडवतात. संपल्यावर सगळं बनवणाऱ्याच्या हातात, किकस्टार्टर स्वतः रिफंड देत नाही. कार्डावरून तक्रार करता येते पण तिला मुदत असते, साधारण १२० दिवसांची, कधी व्यवहारापासून आणि कधी कबूल केलेल्या डिलिव्हरीच्या तारखेपासून मोजतात, म्हणून "अजून एक महिना थांबा" वाल्या अपडेटवर किती महिने थांबायचं ते आपलं आपण ठरवून ठेवा आणि बँकेला लवकर विचारा. १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे, पण बनवणारा परदेशात, करार त्याच्याशी, त्यामुळे फार आशा ठेवून फोन करू नका.

बिघडला तर बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) दुरुस्त होईल?

चार्जिंगचं सॉकेट बदलून देतील, तुटलेली वायर जोडून देतील, बॅटरी पण मापाची मिळाली तर बसवून देतील. बिजागरी आणि बटनाखालची कात्रीसारखी प्लास्टिकची पट्टी हे दोन भाग कुठेच मिळत नाहीत, ते गेले की गेला. एक्स्ट्रा बटनांचं पाकीट कॅम्पेनमध्ये दोनचार डॉलरला देत असतील तर घेऊन ठेवा.

मग घेऊ काय?

टाइपच करायचं आहे तर लॉजिटेकचा के३८० घ्या, तीन उपकरणांना जोडला जातो, दोन ट्रिपल ए सेलवर चालतो. टॅब उभा करायला खाच असलेला हवा तर के४८०, जड आहे पण टेबलावर हलत नाही. दोन्ही दुकानात हात लावून पाहता येतात, बिल मिळतं, वॉरंटी इथली. कोर्टात किंवा लायब्ररीत रोज नेणाऱ्याने बॅगेत ठेवून वजन पाहावं.

सगळं वाचलं, तरी मला तो कॅम्पेनवालाच आवडलाय.

तर मग घ्या भाऊ, हौसेला मोल नाही. सुटा ब्लूटूथवाला निवडा, पानावरच्या किमतींच्या टप्प्यांतला सगळ्यात स्वस्त पकडा, "दोन घ्या सूट मिळवा" वाल्या पॅकवर जाऊ नका कारण दोन पीस एका पार्सलमध्ये आले की कस्टमला ते विकायला आणल्यासारखे वाटू शकतात, पानाचा स्क्रीनशॉट तारखेसकट काढून ठेवा, आणि घरी आधीच सांगून टाका की हे पार्सल कधी येईल ते विचारायचं नाही.